माझ्या सुईचे पैसे

१४ जून

ही वही वेंगने दिली. म्हणाली, "लोला, कुत्र्यांनी काय खाल्लं, कोण खोकलं, कोणाला जुलाब झाले, रोज लिहीत जा." दोन पानं लिहिली तशी. भात, मुंडकी. भात, मुंडकी. मग मला कंटाळा आला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, चार ओळी लिहायच्या म्हणजे मला घाम फुटतो. एवढा घाम गाळायचा तर माशांच्या मुंडक्यांवर कशाला गाळू? म्हणून कुत्र्यांच्या खुणा भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते आणि वही माझी मला ठेवली.

मी बासिलिसा. गाव मला लोला इसिंग म्हणतं, इसिंग आजी. वेंग माझ्या मुलीची मुलगी. तिची आई हाँगकाँगला लोकांची पोरं सांभाळते आणि वेंग इथे माझ्या परसात लोकांनी टाकलेली कुत्री सांभाळते. लंगडी, खरजुली, नुसती हाडं राहिलेली. आणते, धुते, बरी करते, फोनवर फोटो टाकते, आणि चांगलं माणूस भेटलं की दत्तक देते. शेजारची देलिंग म्हणते, "इसिंग, तुझ्या नातीला नवरा मिळायचा नाही हो, अंगाला कुत्र्यांचा वास येतो तिच्या." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या अंगाला माडीचा येतो, तरी केलासच की!" देलिंग हसली आणि माझ्याच घरातली कॉफी पिऊन गेली.

मला खरं सांगायचंय ते बिको आणि पुतोबद्दल. ही दोन पिल्लं माझी आहेत. म्हणजे कुत्री सगळीच वेंगची, पण ही दोन माझ्या पैशांनी जन्मली. झालं असं, की कुत्र्यांत राहणाऱ्या माणसाने पिसाळ रोगाच्या सुया आधीच घेऊन ठेवायच्या असतात. वेंगने घेतल्या. माझ्यासाठी पैसे जमवून तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते, वर चिठ्ठी, 'लोलाची सुई, हात लावू नये.' ईस्टरनंतर एक पोटुशी कुत्री आली, पिल्लं अडलेली, शहरातला डॉक्टर म्हणे पोट फाडावं लागेल, आधी पैसे. वेंग डोकं धरून बसली. मी डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "हे तुझे आहेत, लोला." मी म्हटलं, "माझ्या म्हाताऱ्या कातड्यात सुई शिरायची नाही, मोडेल. जा." आई मेली बिचारी, पिल्लं वाचली. रात्रंदिवस बाटलीने दूध पाजलं. बिको काळासावळा, गुळातल्या चिकट भातासारखा, म्हणून बिको. पुतो पांढरी आणि गुबगुबीत, पुतो नावाच्या वाफवलेल्या तांदळाच्या केकसारखी. माझ्या सुया आता परसात उड्या मारतात, असं मी सगळ्यांना सांगते.

आज दुपारी मागच्या कुंपणातून एक तपकिरी कुत्रा शिरला. कुणाचा कोण जाणे. तोंड उघडं, लाळ लोंबत होती. भात ठेवला तर भाताकडे बघेना, खुंटालाच चावत सुटला. मग धावला तो थेट पिल्लांच्या जाळीत. मी झाडू घेऊन गेले. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे माझ्यावरच, पण मी तिथे नाहीच असे. मग आला तसा गेला. बिकोच्या कानाला आणि पुतोच्या मागच्या पायाला जरासं लागलं. व्हिनेगर लावलं, दोघं केकाटली, मग खेळायला लागली. पोरांची जातच तशी.

वेंग शहरातून आली तेव्हा सांगितलं, एक भुकेला कुत्रा आला होता. भुकेला नव्हता खरं तर. पण ती एवढी दमून आली होती, आणि हातात पोतं.

२८ जून

पुतोचं लग्न झालं. म्हणजे दत्तक गेली, पण मला लेक सासरी धाडल्यासारखंच वाटलं. शाळेतल्या मॅडम नेरी आणि त्यांची युमी, पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. युमीने पुतोला उचललं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं विचारलं तर म्हणे, "ते आमचं आहे."

वेंग दत्तक देताना पोलिसासारखी बोलते. "साखळीला बांधायचं नाही. उष्टं हाड घालायचं नाही. तीन महिने पूर्ण झाले की सुई द्यायची, मी स्वतः येईन." मॅडम नेरी म्हणाल्या, "अहो वेंग, माझ्या लग्नात फादरनी एवढ्या अटी घातल्या नव्हत्या." सगळे हसलो. दत्तकाचे जे पैसे येतात त्यांत कण्यांचं एक पोतं येतं, तेही वाण्याने दया केली तर. कुत्री काही एका पोत्यावर भागत नाहीत. वेंगने तेवढ्यातूनच आधी दोन म्हाताऱ्या कुत्र्यांचं औषध आणलं आणि पिल्लांच्या सुया पुढच्या महिन्यावर ढकलल्या. म्हणाली, "तोवर कुठे काय होतंय."

पुतोबरोबर माझा जुना रुमाल दिला. वास राहील तिच्यापाशी.

३ जुलै

कप्तान आला होता. आमच्या बारांगायचा, म्हणजे या वस्तीचा मुख्य. भुंकण्याच्या तक्रारी आल्यात म्हणे. मी त्याला तांदळाची गरम बिबिंगका दिली, दोन तुकडे. खाल्ले आणि मग बोलला. "लोला इसिंग, मला तुमच्याबद्दल आदर आहे..."

मी म्हटलं, "आदर असू दे. माझ्या पेरूच्या झाडावरून पडला होतास, तेव्हा गुडघ्याला हळद मीच लावली होती."

"तेच म्हणतोय. पण ऐका. आजवर कुणाला चावलेलं नाही म्हणून मी गप्प आहे. एक जरी चावा माझ्या कचेरीत लिहिला गेला ना, तर दुसऱ्या दिवशी ट्रक आणेन. सगळी भरून नेईन. मग रडायचं नाही."

वेंग म्हणाली, "कुठे न्याल?"

त्याने तिसरा तुकडा घेतला. वेंग आत गेली आणि भांडी इतक्या जोरात घासायला लागली की कुत्रीसुद्धा गप्प बसली.

ट्रकचं मला काही वाटलं नाही. हा कप्तान लहानपणीही असाच, धमकी मोठी, पाय लटपटते.

८ जुलै

बिकोचं काहीतरी बिनसलंय. काल दिवसभर पाण्याच्या डेगीमागे लपून बसला. आज भात भरवायला गेले तर माझं बोट धरलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. त्याचे ते सुईसारखे दुधाचे दात, आणि सोडेना. मी म्हटलं, "अरे माझ्याच पैशांनी जन्मलास आणि मलाच चावतोस?" सोडवलं. रक्ताचा थेंब आला. मग त्यानेच तो चाटला.

मला एकदम सान रोकेची आठवण आली. आमच्या देवळातला सान रोके झगा वर करून मांडीवरची जखम दाखवतो आणि पायाशी त्याचं कुत्रं. त्या कुत्र्याने चाटूनच संताची जखम भरली, हे माझी आई मला मांडीवर घेऊन सांगायची. मी बिकोला चाटू दिलं. मनात म्हटलं, संताला जे लागू पडलं ते इसिंगला का नाही पडणार?

वेंगला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिने मला धरून शहरातल्या चाव्याच्या दवाखान्यात नेलं असतं. तिथे पहाटेपासून रांग, आणि सगळ्यांत आधी नाव लिहून घेतात. लिहिलं की कप्तानकडे. कप्तानकडे गेलं की ट्रक. एवढ्याशा पिल्लाच्या एवढ्याशा दातापायी एकतीस जिवांना ट्रकमध्ये घालू?

९ जुलै

देलिंगने बोट पाहिलं. तिचे डोळे घारीचे. "चावलंय!" म्हणाली. मी म्हटलं, "नारळ खवताना लागलं." "नारळाला दात कधी आले गं?" म्हणाली. शेवटी सांगितलं, आणि शपथ घातली. मग ती मला ओढत तियो बुर्योकडे, गावच्या बुर्योकाकाकडे, घेऊन गेली.

तियो बुर्यो तांदोक करतो. त्याच्या आजोबांपासून आहे त्यांच्यात. हरणाच्या शिंगाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा, तो जखमेवर ठेवायचा. विष नसेल तर घसरून पडतो. असेल तर जळूसारखा चिकटतो, आणि विष ओढून झालं की आपोआप सुटतो. माझ्या बोटाला चिकटला! देलिंगने छातीवर क्रूस केला. मी नुसती बघत राहिले, मला तर मजाच वाटली, हात वर केला तरी शिंग पडेना. तोवर तियो बुर्यो कोंबड्यांच्या झुंजीच्या गोष्टी सांगत बसला. मग टप्पकन पडलं. त्याने ते वाटीतल्या पाण्यात टाकलं, बुडबुडे आले.

"ते बघ तुझं विष," म्हणाला. "गेलं."

"परत यायचं नाही ना?"

"शिंगात गेलेलं कधी परत आलंय का, लोला?"

पैसे मागत नाही तो. मी अंडी आणि सिगारेटचं पाकीट दिलं. कुठे ती शहरातली रांग, आणि कुठे हे! येताना इतकं हलकं वाटलं की मी आणि देलिंग भजी खात खात आलो.

११ जुलै

बिको गेला. सकाळी डेगीमागेच पडलेला होता, पाय ताठ, तोंडाला फेस. बेडूक खाल्ला असणार, पावसाळ्यात विषारी बेडूक निघतात, पिल्लांना काय कळतं. वेंग यायच्या आत केळीखाली पुरला. खूप रडले. मग कुत्र्यांचा भात करपला म्हणून रडणं थांबवावं लागलं.

वेंगने आल्या आल्या विचारलं, "फेस होता का तोंडाला?" मी म्हटलं, "थोडा. बेडकाचा." तिने माझे दोन्ही खांदे धरले. "लोला, माझ्याकडे बघ. त्याने कुणाला चावलं होतं का? तुला? ओरखडलं?"

"छे गं. दात तरी कुठे होते धड त्याला."

हात मी ॲप्रनच्या खिशात ठेवला होता. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिचा श्वास सुटला. डोकं माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाली, "बरं झालं. माझ्याकडे आत्ता काहीच नाहीये गं. कुणाच्या सुईलाही नाही."

बघा, सांगितलं असतं तर पोरीचं काय झालं असतं!

२१ जुलै

बाजारात मॅडम नेरी भेटल्या. पुतो मोठी झाली म्हणे, युमीच्या पायाशी झोपते. पुतोची सुई अजून राहिलीय हे त्याच म्हणाल्या, वेंगला विचारा म्हणाल्या. मी म्हटलं विचारते. विचारायचं काय, डबा रिकामा आहे हे मला माहीत होतं.

मग त्या म्हणाल्या, "खेळताना दात लागतात हो तिचे. युमीच्या बाबांना भीती वाटते, उगीच पिसाळ-बिसाळ." मी त्यांना बाजूला, सुक्या मासळीच्या दुकानामागे नेलं आणि बोट दाखवलं. खूणसुद्धा उरली नव्हती. तांदोकची सगळी गोष्ट सांगितली, शिंग कसं चिकटलं, बुडबुडे कसे आले, हात वर करून दाखवलं. मासळीवालीसुद्धा ऐकत राहिली. "शहरात कशाला जाता मॅडम? काही झालंच तर तियो बुर्यो आहे. आणि वेंगला नका बोलू, तिला या जुन्या गोष्टींचा राग येतो."

मॅडम नेरी शिकलेल्या, पण कान देऊन ऐकलं. माझ्यासारखीचं कोण ऐकतं एरवी? फुशारकी नाही, पण घरी येताना मी जरा ताठ चालले.

१० ऑगस्ट

बोटात मुंग्या येतात. आत काहीतरी चालतंय असं वाटतं, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. जिथे बिको चावला तिथूनच सुरू होतं, पण त्याचा काय संबंध, ते तर बरं झालं. हा पास्मा आहे. चुलीपुढे तापलेले हात लगेच पाण्यात घातले की शिरा बिघडतात, हे लहान पोरालाही माहीत आहे, आणि मी म्हातारी रोज तेच करते. आता तीन-चार दिवस पाण्याला हात लावायचा नाही. नाहीतरी पाणी नकोसंच झालंय.

ताप आहे थोडा. देलिंगला सांगितलं नाही. सान रोकेची जत्रा तोंडावर आहे, भाताच्या लाह्यांचे लाडू राहिलेत.

१३ ऑगस्ट

झोप नाही. आणि गंमत म्हणजे दमलेही नाही. सगळं घर झाडलं, परस झाडलं, मग पुन्हा झाडलं. वेंग म्हणाली, "लोला, जत्रेला बिशप येणारेत का आपल्याकडे?"

पंखा सहन होत नाही. वारा तोंडावर आला की गळ्यात कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं, सगळं अंग उडतं. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला. वेंगने सरळ केला, ती गेल्यावर मी परत फिरवला.

सकाळची कॉफी घशाखाली उतरेना. ओठांपाशी नेली आणि मान आपोआप मागे गेली. दुसऱ्यांदा नेली, तेच. मला हसूच आलं. सत्तर वर्षं कॉफी प्यायले आणि आता विसरले? भात गिळला जातो, कोरडा. म्हणजे घशाला काही झालेलं नाही. कॉफी परसातल्या एका कुत्रीला घातली. ती रोज माझ्या पायात घोटाळते. आज लांब बसून बघत राहिली.

१६ ऑगस्ट

संध्याकाळ आहे. अक्षर वाकडं येतंय, हात थरथरतो. पण आज लिहायलाच हवं.

सान रोकेच्या दिवशी गावातली कुत्री देवळाच्या पायऱ्यांवर येतात आणि फादर मंतरलेलं पाणी शिंपडतात. आमची वेंग सोळा कुत्री घेऊन गेली, सगळ्यांच्या गळ्यात फिती. मी बदामी झगा घातला. बँड वाजत होता, डुकरं भाजत होती. मला खूप आनंद झाला होता. आवाज टोचत होते, ऊन टोचत होतं, तरी आनंद झाला होता.

मॅडम नेरी पुतोला घेऊन आल्या होत्या. दोरीने बांधून, लांब धरलेली. म्हणाल्या, "लोला, हिला दोन दिवस बरं नाही. म्हटलं सान रोकेच्या पायावर घालू. आणि अहो, तुम्ही सांगितलेलं कामाला आलं! गुरुवारी युमीच्या घोट्याला चावली ना, तर यांचं शहरात जाऊ चाललं होतं, मीच म्हटलं आधी तियो बुर्यो. तुमचं बोट डोळ्यांनी पाहिलंय. शिंग ठेवलं तर घसरून पडलं! विषच नव्हतं."

युमी शेजारीच होती. घोट्यावर फुलांचं बँडेज. पडलेल्या दातांतून मला हसली.

मी खाली पुतोकडे बघितलं. ती देवळाच्या लाकडी पायरीला चावत होती. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. मी हाक मारली. तिने मान वर केली. डोळे माझ्यावरच, पण मी तिथे नाहीच असे.

हे डोळे मी पाहिले होते. झाडू हातात होता तेव्हा.

तेवढ्यात फादर आले. आधी पुतोवर पाणी शिंपडलं. ती किंचाळून मागे उडाली, दोरी मॅडमच्या हातातून सुटतासुटता राहिली. मग त्यांनी हसत माझ्यावर शिंपडलं, दरवर्षी शिंपडतात, "ही लोला, सगळ्या कुत्र्यांची आई." पाणी अंगावर यायच्या आधीच माझा गळा आवळला. श्वास जाईना. मी मागे कोसळले, पायरीवर, तोंडातून आवाज निघाला तो माझा नव्हता. बँडवाल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "लोलाच्या अंगात सैतान शिरलाय बघा, तीर्थ चालत नाही!" लोक हसले. फादरही हसले.

मी नाही हसले. मी पुतोकडे बघत होते आणि ती माझ्याकडे.

उठले, वेंगला दंडाला धरून डुकरं भाजतात तिथे मागे नेलं. सांगितलं. तपकिरी कुत्रा भुकेला नव्हता. पुतोच्या पायालाही लागलं होतं. बिकोने बेडूक खाल्ला नव्हता बहुतेक. "युमीला घेऊन जा, वेंग. आत्ताच्या आत्ता. रिक्षा नसेल तर उचलून ने. शिंगाने काही होत नाही."

"तुला कसं माहीत शिंगाने काही होत नाही?"

मी हात पुढे केला. खूण नव्हतीच दाखवायला. नुसता थरथरत होता.

वेंग ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पायऱ्यांवर गेली, मॅडम नेरींना दोन वाक्यांत सांगितलं, सगळ्या जत्रेदेखत. कप्तान तिथेच डुकराची कातडी खात उभा होता, त्याने ऐकलं. वेंग त्याला म्हणाली, "लिहून घ्या. चावा, आमच्या कुत्र्याचा. ट्रक आणायचा तर आणा, पण आधी या मुलीला तुमच्या गाडीतून पोचवा." त्याने हातातलं टाकून दिलं. गाडी गेली. वेंगने जाड हातमोजे घालून पुतोला पिंजऱ्यात घेतलं. पुतोने तिला ओळखलं नाही.

घरी आल्यावर वेंगने पेल्यात पाणी आणलं. माझ्यापुढे धरलं. "घे, लोला. एक घोट."

काय करावं म्हणून मी हात पुढे केला. बोटं पेल्यापर्यंत जाईनात. पाणी हललं, उजेड पडला त्यावर, आणि पुन्हा ते गळ्यातलं. मी तोंड फिरवलं. "नंतर पिते गं," म्हटलं.

तिने पेला खाली ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. मग तो उचलून बाहेर घेऊन गेली, आणि घरातली पाण्याची सगळी भांडी झाकली.

१७ ऑगस्ट

युमीला सुया मिळाल्या. जखमेतसुद्धा टोचली. दवाखान्यातली बाई म्हणाली, वेळेत आणलंत. युमी रडली नाही, फक्त पुतो कुठे आहे विचारलं. पुतो पहाटे गेली.

शहरातली सरकारी माणसं आली आणि परसातल्या सगळ्या कुत्र्यांना टोचून गेली. फुकट! कप्तानने फोन केला म्हणे. एवढं सोपं होतं तर आधी का नाही, असं मी वेंगला विचारलं.

देलिंगला मुंडक्यांचं समजावून सांगितलं. जास्त वेळ उकळायची, काटे विरघळले पाहिजेत. भोपळा शेवटी. आंधळ्या कुत्र्याची वाटी डाव्या कोपऱ्यात. ती रडत होती, मी म्हटलं, "अगं दोन दिवसांचं काम, तू तर माझ्या मयताला आल्यासारखी करतेस!" तर आणखीच रडली.

ट्रक आलाय. कुत्र्यांना नाही, मला न्यायला. कप्तान स्वतः चालवतोय. पाय टेकायला त्याने उशी ठेवलीय, मागच्या सीटवर गादी घातलीय. मी म्हटलं ना, धमकी मोठी.

वेंगला विचारलं, "माझी सुई कधी?"

"तिकडे गेलं की देतील, लोला."

"पैसे?"

"आहेत. डब्यात आहेत."

डबा मी सकाळीच उघडून बघितला. त्यात पुतोचा पट्टा आहे आणि 'लोलाची सुई' लिहिलेली ती जुनी चिठ्ठी. पण मी 'बरं' म्हटलं. पोर कधी खोटं बोलत नाही, पहिल्यांदाच बोलतेय, नीट जमलं नाही तिला. या घरात ते काम माझं.

बोलावतायत. वेंगने ट्रकच्या काचा वर करायला सांगितल्यात, फटीत कापडं कोंबतेय, वारा लागू नये म्हणून. वाऱ्याचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.